कडूबाई जेवल्या का?

वडवणी,
२ डिसेंबर

चि. धनश्रीला रतनआत्याचे आशीर्वाद, रागावून दिलेले.

फोन केला की माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुझं "अगं आत्या, ऐक ना" सुरू होतं, म्हणून पत्र लिहिते आहे. अंगणवाडीत जन्मभर पोरांना 'आधी ऐक, मग बोल' शिकवलं, घरची भाचीच तेवढी शिकवायची राहिली. उत्तरही पत्रानेच दे.

आज दुपारी 'राखण'च्या पंगतीला चार माणसं आली. गेल्या वर्षी याच दिवसांत समाजमंदिरात मांडी घालायला जागा नसायची. भाकरीची चवड तशीच राहिली, शेवटी शेळ्यांना घातली. हे सगळं तुझ्या त्या रीलमुळे.

तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तू विसरलेली दिसतेस. दसरा झाला की गाव ऊसतोडीला जातं आणि म्हातारी माणसं घर-शेळ्या राखायला मागे राहतात. जाताना प्रत्येक घर आपल्या म्हाताऱ्याच्या वाट्याची ज्वारी आपल्याकडे आणून ठेवतं. आपण ती दळतो, रांधतो, वाढतो. वरची डाळ, तेल-मीठ, गॅस एवढंच तुझ्या पेजवरच्या लोकांच्या मदतीतून येतं. इथे कोणी कोणाचं फुकट खात नाही. म्हणून तर नाव 'राखण' ठेवलं, आणि ते तूच सुचवलं होतंस.

मी तुला व्हिडिओ पाठवला तो धुराचा. आमटीच्या येसर मसाल्यासाठी मिरच्या भाजत होतो, सगळ्यांच्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्यात कडूबाईही पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं होतं, धूर बाहेर काढायला पंखा पाहिजे, लोकांना दाखव. तू मिरच्या कापून टाकल्यास, नुसती कडूबाई ठेवलीस, मागे रडकं गाणं लावलंस आणि खाली लिहिलंस, 'पोटच्या पोराने सहा महिने टाकून दिलेली आई'.

ते रील कर्नाटकात कारखान्याच्या तळावर पोचलं. कडूबाईचा बिभीषण आणि सून बबिता तिथेच ऊस तोडतात. टोळीतल्या पोरांनी त्याच्या कोपीसमोर, त्या पाचटाच्या झोपडीच्या तोंडाशी, ते मोठ्याने लावलं. तळावर पाणी नसेल, दिवा नसेल, पण फोन सगळ्यांकडे आहेत, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?

कडूबाईला साखराबाईने ते दाखवलं आणि खाली लिहिलेलं वाचून सांगितलं. तेव्हापासून ती पंगतीला येत नाही. तिच्या मागोमाग शहादेव, राधाकिशन, खुद्द साखराबाई, एकेक करत सगळे थांबले. जे चार येतात त्यांना नीट दिसत नाही की ऐकू येत नाही, म्हणून येतात. देणाऱ्यांची रांग लागली आणि खाणाऱ्यांनी पाठ फिरवली, असली संस्था मी आजवर पाहिली नाही. रील आजच्या आज काढून टाक.

आत्या


पुणे,
८ डिसेंबर

ती. आत्याला नमस्कार. पाया पडले असते, पण सध्या तू पाय मागे घेशील.

रील पत्र मिळताच काढलं. पण तोवर दुसऱ्या पेजवाल्यांनी ते उचलून आपापल्या नावाने टाकलं होतं. ते माझ्या हातात नाही. इंटरनेटवर सांडलेलं भरता येत नाही, आत्या.

आता माझंही ऐक. तीन वर्षं मी तुझ्या पातेल्यांचे फोटो टाकले. भाकऱ्यांचे टाकले. समाजमंदिराला रंग दिला त्याचे टाकले. बघणारे कोण, तर मी, बाबा, तुझ्या दोन जुन्या अंगणवाडी सेविका आणि नाशिकच्या एक शिक्षिका. मागच्या हंगामात गॅस संपला आणि तू चुलीवर आलीस तेव्हा मला फोनवर काय म्हणालीस? "एवढं शिकलीस, लोकांपर्यंत आमचं पोचवता येईना का तुला?" मग मी पोचवलं. माझ्या ऑफिसात हेच काम करतात, माणसाचा चेहरा दाखवतात, डोळे दाखवतात. पातेलं बघून कोणाचा जीव गलबलत नाही. व्हिडिओखाली 'बघ बाई कशी हालत आहे' असं तूच लिहिलं होतंस. मी धुराची हालत समजले नाही, कडूबाईंची समजले. रील जोडताना मी स्वतः रडले होते, हेही खरं.

आणि आलेले सगळे लोक वाईट नाहीत. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना डबे पोचवायला एकाने रिक्षा देऊ केली आहे. एक नर्स रोज संध्याकाळी विचारते, "कडूबाई जेवल्या का?" फक्त एवढंच. तिचं बघून आता बरेच जण विचारतात. मी रोज "हो" लिहिते.

शिवाय एक कंपनी आख्खं 'राखण' दत्तक घ्यायचं म्हणते आहे. त्यांच्या जाहिराती आमच्याच ऑफिसात होतात, साहेबांनी स्वतः शब्द टाकला आहे. थोडं दमाने घे. तुला मदत पाहिजे की नको, ते एकदा ठरव.

धनश्री


वडवणी,
१४ डिसेंबर

चि. धनश्री,

दमाने घेते आणि विचारते, रोज "हो" कोणाला विचारून लिहितेस? ज्या बाईला कडूबाईची एवढी काळजी, तिलाच फसवतेस? लोक जोडायचे म्हणतेस आणि पहिली गाठच खोटी मारतेस.

काल मी कडूबाईकडे गेले. चुलीपुढे बसली होती. मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही.

"लेकानं जाताना पोतं पाठीवर आनून तुझ्या दारात ठिवलं व्हतं," ती म्हणाली. "तू सवता हात लावून उतरून घेतलं. मंग टाकून दिली कावून लिव्हलं?"

"मी न्हाई लिव्हलं, कडूबाई."

"तुझ्या घरच्या पोरीनं लिव्हलं. येकच झालं."

मी म्हटलं, चूक झाली, चल जेवायला. तर म्हणाली, "भिकाऱ्याच्या पंगतीला मी येत न्हाई. भाकर थापाया माझे हात हायत अजून."

हात आहेत, पण डोळे कुठे आहेत? मनगटापर्यंत तव्याचे चटके आहेत. भाकरी एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्ची. ती कशीबशी अर्धी खाते आणि उरलेली शेळीपुढे टाकते. गालफडं आत गेली आहेत. हे असंच चाललं तर बिभीषण पाडव्याला परत येईल तेव्हा त्याला काय तोंड दाखवू?

घरी आले ती डोक्यात राख घालूनच. पेज उघडलं आणि लोकांनी बिभीषणला काय काय म्हटलं आहे ते वाचलं. मग बसले उत्तरं द्यायला. एक म्हणे, असल्या पोरांना चाबकाने फोडलं पाहिजे. त्याला लिहिलं, बाबा, तुझी आई कुठे राहते आणि तिच्या हातचं शेवटचं कधी खाल्लंस ते आधी लिही. एक म्हणे, आजींना आमच्या वृद्धाश्रमात पाठवा. तिला लिहिलं, कडूबाईला घर आहे आणि तीन शेळ्या आहेत, शेळ्यांची सोय करता का? एक म्हणे, मुलांना देव बुद्धी देवो. तिला लिहिलं, देवाला बरीच कामं आहेत, बुद्धीची गरज तुम्हालाच जास्त दिसते. अशी संध्याकाळपर्यंत लिहीत होते. हलकं वाटलं.

कंपनीला येऊ दे. आले पाहुणे तर जेवून जातील.

आत्या


पुणे,
२० डिसेंबर

ती. आत्याला नमस्कार.

तुझी उत्तरं वाचून आधी मी कपाळाला हात लावला आणि मग ऑफिसच्या जिन्यात बसून हसले. वृद्धाश्रमाच्या बाईंना शेळ्यांचं विचारलंस ते लोक एकमेकांना पाठवत आहेत. पण खाजवून खरूज काढलीस, आणि ती एका भल्या माणसाला लागली.

'देव बुद्धी देवो' लिहिणाऱ्या विमलबाई. मूळच्या चकलांब्याच्या, नाशिकला शिक्षिका होत्या. आपल्या पेजवर घरच्यांशिवाय कोणी नव्हतं तेव्हापासून त्या आहेत. दर दिवाळीला न विसरता पैसे पाठवतात, नाव मात्र देऊ नका म्हणतात. त्यांनी मला लिहिलं आहे, "माझी दोन्ही मुलं परदेशात आहेत. मीही एकटीच जेवते. कडूबाईंना बघून मला माझंच ताट दिसलं, म्हणून तसं लिहून गेले. तुमच्या आत्यांनी माझी जागा दाखवली, बरं झालं." आणि त्या पेज सोडून गेल्या. माझ्या रीलने कडूबाई गेल्या, तुझ्या उत्तराने विमलबाई. आपण दोघी मिळून चांगली संस्था चालवतो आहोत.

एक मात्र तुझं ऐकलं. काल त्या नर्सने विचारलं तेव्हा खरं लिहिलं, "नाही. पंगतीला येत नाहीत. आमच्या चुकीमुळे." वाटलं होतं, आता शिव्या येतील. आल्याही. पण ती नर्स म्हणाली, "मग उद्या पुन्हा विचारते."

कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात येतील. माझी बढती साहेबांच्या हातात आहे, हे तुला सांगायला लाज वाटते, पण सांगते. फार तोडून बोलू नकोस.

धनश्री


वडवणी,
२९ डिसेंबर

चि. धनश्री,

तोडून मी बोलले नाही. कोण बोललं ते सांगते.

पाहुणे मोठ्या गाडीतून आले. सोबत स्वेटर, आणि प्रत्येक स्वेटरच्या छातीवर कंपनीचं नाव, हे एवढं. मी घरोघर जाऊन सांगितलं होतं, तुमच्यासाठी नाही तर माझ्या अब्रूसाठी या. सगळी आली, कडूबाईसुद्धा काठी टेकत आली. स्वेटर घालून सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. मग कॅमेऱ्यावाला म्हणाला, हात जोडा. शहादेवने जोडले, कारण त्याला वाटलं आरती आहे. मग तो कडूबाईला म्हणाला, "आजी, तुम्ही व्हिडिओतल्या ना? जरा मान खाली घाला. तसंच, डोळे पुसल्यासारखं."

कडूबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मान खाली घालून मी फकस्त रानात तण निंदाया बसते."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. पुन्हा म्हणाला, एकदाच आजी. तिने स्वेटर काढला, घडी घातली, नाव आतल्या बाजूला केलं आणि त्याच्या हातात दिला. "थंडी माज्या घरची हाय. तिचं मी बघते." तिच्यामागे साखराबाईने काढला, राधाकिशनने काढला. शहादेवचं डोकं गळ्यात अडकलं, ते आम्ही ओढून काढलं.

कंपनीचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, मावशी, यांना समजावा, वर्षभराचं सगळं आम्ही बघू. धनश्री, मला मोह झाला. त्या क्षणी गॅसची शेगडी, वस्तीचे डबे, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण आवळा देऊन कोहळा काढायची ही रीत. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची वेळ आली. मी म्हटलं, साहेब, फोटो जेवतानाचे काढा, हसतानाचे काढा, भांडतानाचे काढा. वाकलेल्या मानेचा मिळणार नाही. त्यांना जेवू घातलं, येसराची आमटी दोनदा मागून घेतली त्यांनी, आणि गेले. परत येतील असं वाटत नाही. तुझ्या बढतीचं वाईट वाटतं, पण पुन्हा आले तरी हेच सांगीन.

कडूबाई मात्र तेव्हाही न जेवता गेली. मी तिच्यासोबत घरापर्यंत चालले आणि म्हटलं, अजून किती राग धरशील? तेव्हा कळलं की इतके दिवस मी चुकीचंच समजत होते. बाई कमरेला बटणाचा फोन बांधून फिरते. म्हणाली, "रोज गाडी भरून झाली की बिभीषन फोन करायचा. आई, जेवलीस का, येवढंच इचारायचा. त्या दिसापून त्याचा फोन न्हाई. मी लावते, तर वाजून वाजून बंद पडतो. पोरगं लाजलंय माझ्याम्होरं. त्यानं इचारल्याबिगर घास कसा उतरंल?"

तिला राग आमच्यावर आहेच, पण भूक अडली आहे ती वेगळ्याच ठिकाणी. सगळं जग तिला जेवलीस का विचारतं आहे, आणि ज्याने विचारावं तो गप्प आहे. त्याला तू गप्प केलंस. आता तूच बघ.

आत्या


पुणे,
५ जानेवारी

ती. आत्याला नमस्कार.

बढती गेली. साहेब म्हणाले, गावाकडच्या लोकांना ब्रँडची किंमत नसते. मी म्हटलं, सर, मीही गावाकडचीच आहे. बाहेर आल्यावर तुझी आठवण आली आणि बरं वाटलं.

पेजवर मी माझा चेहरा ठेवून माफी मागितली. गाणं नाही, काही नाही. सांगितलं की कडूबाई मिरच्यांनी रडत होत्या, की त्यांच्या ताटातली भाकरी बिभीषणने ठेवलेल्या ज्वारीची आहे, की आम्ही मदत मिळावी म्हणून एका कष्टाळू माणसाला बदनाम केलं. लोक धडाधड सोडून गेले. मधल्या काळात जेवढे वाढले होते त्यातले निम्मेही राहिले नाहीत. नर्स आहे. रिक्षावालाही आहे, तो म्हणाला, "ताई, मी स्वतः ऊसतोडीच्या मुकादमाकडे राबलो आहे, मला रील बघूनच शंका आली होती."

मग बिभीषणचा नंबर मिळवला. पहिल्यांदा त्याने कापला. दुसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, "ताई, तुमची माफी पाहिली. पर माफीला गानं नसतंय ना, ती कोन वाजवीत न्हाई. हितं अजून तेच वाजवतेत." मी म्हटलं, आईला फोन कर. तर म्हणाला, "काय बोलू? चार मान्सांनी म्हनलं टाकून दिली, तर मलाबी वाटाया लागलं, टाकलीच का काय."

म्हणून ठरवलं आहे. भोगीला येते. माफी पुण्यातून मागून भागणार नाही. कडूबाईंनी दारातून हाकललं तर दारात बसेन. त्या हो म्हणाल्या तरच पंगत लाईव्ह दाखवेन, आणि काय बोलायचं ते त्या ठरवतील. मी कॅमेरा धरेन, तोंड उघडणार नाही.

आणि तुला एक काम. पत्रच लिहायचं असेल तर विमलबाईंना लिही. पत्ता मागे आहे.

धनश्री


वडवणी,
१८ जानेवारी

श्रीमती विमलबाईंना रतनबाईचा नमस्कार.

आपली ओळख नाही. पेजवर तुम्हाला बुद्धीवरून बोलली ती बाई मीच. भाचीने तुमचं लिहिलेलं मला दाखवलं. एकटं जेवणाऱ्या माणसाला मी नको ते बोलले, त्याचं मला वाईट वाटतं. बाकीच्यांना बोलले त्याचं वाटत नाही.

तुम्ही 'राखण'ला पहिल्यापासून ओळखता, म्हणून भोगीच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कळवायला हवं.

भाची पुण्याहून आली आणि थेट कडूबाईच्या दारात जाऊन बसली. कडूबाईने तिला हाकललं नाही आणि आतही घेतलं नाही. बराच वेळ बसवून ठेवलं. मग शेळीची धार काढायला सांगितली. पोरीला ते काही जमेना, शेळीने लाथ मारून लोटी सांडली. तेव्हा कडूबाई म्हणाली, "तुला येत न्हाई ती गोस्ट तू लई जोरात करतीस," आणि काठी घेऊन समाजमंदिराकडे निघाली. आम्ही मागे.

बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, भोगीची भाजी, लोणी, असा बेत होता. कडूबाई आली म्हटल्यावर सगळीच आली. ताटं वाढली. धनश्रीने फोन समोर धरला. कडूबाई कॅमेऱ्याकडे सरळ बघून बोलली. मी ते जसंच्या तसं लिहिते.

"मी कडूबाई. मला कुनी टाकलं न्हाई. माझा लेक आन् सून ऊस तोडतेत, मी घर राखते. आमी तिघंबी कामावर हाव. ज्या जवारीची भाकर मी आजपस्तोर खाल्ली ती माझ्या बिभीषननं पाठीवर आनली. त्येच्यावर डाळ तुमी घातली, तुमचं भलं व्हवो. पर डाळ घातली म्हनून माझ्या लेकाला शिव्या द्यायचा हक तुमाला कुनी दिला? दया आसंल तर घरी ठिवा. जेवायचं आसंल तर या, ताट वाढते."

मग ती ताटाकडे वळली, पण हात घातला नाही. सगळ्या पंगतीचे हात थांबले. फोनवर लोक लिहीत होते, भाची वाचत नव्हती. मी मनात म्हटलं, आता ही उठून गेली तर 'राखण'ला कुलूप लावायचं.

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. आम्हाला सगळ्यांना कळलं कोणाचा असणार. साखराबाई म्हणाली, उचल की. कडूबाईने फोन काढून मांडीवर ठेवला आणि वाजू दिला. "म्हैनाभर मी वाजवत व्हते," ती म्हणाली. "त्येलाबी कळू दे." वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. तेव्हा तिने उचलला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा असतो. पलीकडून आधी नुसता माणसांचा गलका आला. तळावर टोळीच्या टोळी एका फोनभोवती बसून आमची पंगत बघत होती. मग तो बोलला.

"आई, जेवलीस का?"

विमलबाई, मला वाटलं बाई आता रडेल. मी पदर तयार ठेवला होता, तो माझ्याच कामी आला. कडूबाईने भाकरीचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि म्हणाली, "आता बसलेय. तू थांब जरा."

फोन तिने बंद केला नाही. ताटाशेजारी जमिनीवर ठेवला आणि सगळी भाकरी सावकाश, चावून चावून संपवली. पलीकडे टोळीतल्या कोणी ते गाणं वाजवलं नाही. बिभीषण तिचं जेवण होईपर्यंत थांबला.

तुमचं ताट वाढून ठेवायचं का, तेवढं कळवा.

रतनबाई